म्हाळसाचा तीन दिवसांचा समुद्र

दिवेआगरच्या त्या बाईंशी फोनवर मी पहिलंच वाक्य बोललो ते असं : "शहाळं द्यायचं नाही. मागितलं तरी द्यायचं नाही."

बाई म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे आल्या आल्या सगळ्यांना शहाळंच देतो आम्ही. स्वागताचं असतं ते."

"स्वागत नुसत्या नमस्कारानं करा," मी म्हणालो.

मी असाच आहे. सत्तावीस वर्षं मुलांच्या वसतिगृहाची मेस चालवली. दोनशे पोरं, दोन वेळचं जेवण, आणि रोज कुणीतरी ताट आपटणारा. गोड बोलून मेस चालत नाही. सोमवारी काय शिजणार ते आदल्या बुधवारी ठरवायचं, लिहायचं, आणि लिहिलं की देव आला तरी बदलायचं नाही, ही माझी रीत. या रीतीनं मी म्हाळसाला समुद्र दाखवायला निघालो होतो.

म्हाळसा माझी बायको. तीन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या बसल्या. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सात वाजता तिला मशीनवर निजवायचं, चार तास रक्त धुऊन घ्यायचं आणि घरी आणायचं. सिडकोतल्या आमच्या घरापासून दवाखाना रिक्षानं पंधरा मिनिटं. दिवसाला पाणी मोजून पाऊण लिटर, चहा-औषधासकट. आणि खाण्याची यादी. पहिल्याच आठवड्यात तिथल्या सिस्टरनं मला समोर बसवून सांगितलं होतं, "काका, पोटॅशियम म्हणून एक क्षार असतो. तुमची-माझी किडनी तो बाहेर टाकते, काकूंची टाकत नाही. तो साठत जातो आणि फार साठला की हृदय बंद पडतं. आधी काही कळतसुद्धा नाही." मग तिनं नावं सांगितली : केळं, नारळ, खजूर, रताळं, बटाटा, शेंगदाणे, गूळ. मी लिहून घेतली. त्या दिवसापासून आमच्या घरात भाजी बारीक चिरून कोमट पाण्यात भिजायला लागली, ते पाणी फेकून दुसऱ्या पाण्यात उकडायला लागली, तेही पाणी मोरीत जायला लागलं. खाली उरायचा तो चोथा. म्हाळसा तो चोथा निमूट खायची आणि वर म्हणायची, "मेसवाल्याशी लगीन केलं, तवाच ठाऊक व्हतं, चवीचं काय खरं नाय."

आता ही गोष्ट आम्ही गावापासून लपवली, ती का, ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं तिथंच अडतं.

आमची एकुलती एक पोर सारिका. तिच्या आईचा आजार निघाला तेव्हाच तिच्यासाठी लासूर स्टेशनचं स्थळ आलं होतं. पोरगा पुण्यात नोकरीला, घर खाऊनपिऊन सुखी. स्थळ आणलं होतं माझ्या थोरल्या भावजयीनं, दगडावहिनींनी. त्यांच्या माहेरच्या नात्यातलं. आमची धनगराची जात, चार पिढ्या मेंढरामागं गेलेल्या. आमच्यात पोरीची आई आजारी म्हटलं की पहिला प्रश्न येतो, पोरीत बी उतरलं तर? मी म्हाळसाला म्हणालो, झाकली मूठ सव्वा लाखाची, लग्न होईपर्यंत कुठं बोलायचं नाही. वहिनींना तर मुळीच नाही, कारण त्यांच्या पोटात तीळ भिजत नाही. म्हाळसानं नुसती मान हलवली. हाताला सुया टोचून गाठी आल्या होत्या, त्या झाकायला तिनं लांब बाह्यांची झंपरं शिवून घेतली.

लग्न झालं. मूठ झाकलेलीच राहिली. लग्नानंतर सांगायचं तर आधी का नाही सांगितलं, याला उत्तर नव्हतं. गावात आम्ही सांगायचो, मणक्याला शेक द्यायला दवाखान्यात जावं लागतं. आणि खाण्यापिण्याचं तिनंच एक शोधून काढलं. कुणाकडं गेलं, कुणी ताट पुढं केलं की म्हणायची, "आज उपवास हाय." सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, मध्ये एकादशी, चतुर्थी, प्रदोष. आमच्या भागात नकाराला कुणी भीक घालत नाही, पण उपवासाला सगळे भितात. गावात तिचं मोठं नाव झालं. बायका म्हणायच्या, सारिकाच्या आईसारखं व्रत कुणाला जमायचं नाय. म्हाळसा घरी येऊन हसायची. मीही हसायचो. आमच्या हुशारीचं आम्हालाच कौतुक.

समुद्राचं खूळ सारिकानं घातलं. लग्नानंतर ती आणि जावई कोकणात गेली होती, तिथून तिनं आईला फोन लावला. पडद्यावर पोरगी दिसत होती, बाकी सगळं निळं-पांढरं. म्हाळसा म्हणाली, "मागं आवाज कसला गं येतोय? ट्रॅक्टर चालू हाय का?"

"आई, समुद्र आहे तो."

"रातंदिवस असाच वरडतो?"

"असाच."

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "मला बी न्या एकदा." लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, या बाईनं माझ्याकडं काही मागितलं म्हणून मला आठवत नाही. साडीसुद्धा मी आणली ती नेसली. मी म्हणालो, नेतो. म्हणालो आणि दीड वर्ष काही केलं नाही, कारण दर वेळी काहीतरी निघायचं : कधी ताप, कधी हाताची शीर बंद पडली, कधी डॉक्टर नको म्हणाले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

मग जानेवारीत शेजारच्या खाटेवरचा कडूबा गेला. गंगापूरचा होता, तरणाच होता, दोन वर्षं म्हाळसाच्या बाजूच्या मशीनवर पडून गप्पा मारायचा. त्या सोमवारी त्याच्या खाटेवर दुसराच माणूस होता. म्हाळसानं रिक्षात मला विचारलं, "आता नेता का नंतर नेता?" मी त्याच दिवशी डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, "गुरुवारची मशीन करून निघा, सोमवारी सातला इथं हजर. मधले तीन दिवस तुमचे. फक्त तोंडावर ताबा पाहिजे." मी म्हणालो, तोंडाचं माझ्याकडं लागलं.

बेत असा आखला. गुरुवारी अकराला मशीन सुटणार, दोन तास पडून राहायचं, दोनला गाडी. रात्री पुण्यात लॉजवर मुक्काम. शुक्रवारी दुपारी दिवेआगर. ऊन उतरल्यावर पाच वाजता किनाऱ्यावर, चाळीस मिनिटं, बसून. वाळूत चालणं तिला झेपणार नाही, म्हणून खुर्ची आपली न्यायची. शनिवारी सकाळी सातला पाय पाण्यात, घोट्यापर्यंत, मी हात धरणार. दुपारी झोप. संध्याकाळी घोडागाडीतून किनाऱ्यानं एक फेरी. बोटीत नाही. रविवारी उजाडता पुन्हा एकदा समुद्र, आणि आठला परत.

खाण्याचं त्याहून कठीण. दिवेआगरच्या त्या बाईंच्या घरात दोन खोल्या पाहुण्यांना होत्या आणि जेवणही त्याच द्यायच्या. त्यांना मी चार वेळा फोन केला. त्या हौसेनं सांगायच्या, उकडीचे मोदक, सोलकढी, ओल्या काजूची उसळ, केळफुलाची भाजी, सुरमई हवी तर सुरमई. मी प्रत्येकाला नाही म्हणायचो. ओलं खोबरं कशातच नाही. मीठ चिमूटभर. तांदळाचं घावन चालेल, चटणीशिवाय. दुधी चालेल, पण दोन पाण्यांतून काढलेला. भात चालेल, वरण नाही. शेवटी बाई वैतागल्या, "मग तुम्ही कोकणात येताय तरी कशाला हो?"

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "बायकोला समुद्र दाखवायला. गिळायला नाही." आणि मग रागाच्या भरात सगळंच सांगून टाकलं, किडन्या, मशीन, पाऊण लिटर पाणी. तीन वर्षांत पहिल्यांदा बाहेरच्या माणसाला सांगितलं, तेही कधी न पाहिलेल्या. बाई सगळं ऐकून म्हणाल्या, "या तुम्ही. भाजी मी दोन पाण्यांतून काढीन. आणि आमच्या मागच्या पायरीवर बसलं ना, की जेवतानासुद्धा दिसतो समुद्र." फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं होतं. खरं सांगितलं की माणसं किती सोपी होतात, हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं.

म्हाळसाला मी बेत वाचून दाखवला. तिनं मन लावून ऐकला आणि विचारलं, "पाणी खारट असतं म्हणत्यात. खरं?"

"खरं."

"चाखून बघू?"

मी विचार केला. "बोट बुडवून जिभेला लावायचं. गिळायचं नाही. लगेच चूळ."

"येवढं पाणी म्होरं, अन् पेयाचं नाय," ती म्हणाली. "माझ्यावानीच हाय की मग." आणि खळखळून हसली. ते वाक्य मी बेतात लिहून टाकलं : शनिवार, सकाळी सात दहा, बोट बुडवून चव. मूर्खपणा होता, पण लिहिलं.

मी सगळं धरलं होतं. घाटात गाडी लागली तर काय, वाटेत लघवीचं काय, हाताला वाळू लागली तर काय, गाडी बिघडली तर वाटेत मशीन असलेले दवाखाने कुठले. फक्त निघायच्या आधीचा दिवस मी धरला नव्हता. त्या दिवशी आम्ही आमच्याच घरात होतो, आमच्याच चुलीवर. तिथं काय धरायचं?

बुधवारी दुपारी मी छावणीत गेलो. तिथं बाजारात एका दुकानात फौजी माल मिळतो. घडीची कापडी खुर्ची पाहिजे होती, हाताला टेकू असलेली. दुकानदारानं चार दाखवल्या, चारही मी बसून पाहिल्या. एकीचा टेकू डावीकडं हलत होता. म्हाळसाच्या सुया डाव्या हाताला, तिला टेकू घट्टच पाहिजे. या नादात मला दोन तास लागले. पाचवी खुर्ची बरी निघाली.

घरी आलो तर दारात चपलांचे तीन जोड. आतून हसण्याचा आवाज.

म्हाळसानं फोनवर दगडावहिनींना सांगितलं होतं, आम्ही समुद्र बघायला चाललो. सांगणारच. इतकी मोठी गोष्ट तिच्या आयुष्यात दुसरी नव्हती, ती काय पोटात ठेवणार? आणि वहिनी खुलताबादच्या पलीकडच्या आमच्या गावाहून एसटीनं आल्या होत्या. बरोबर आमच्या भावकीतल्या दोघी, चतुराबाई आणि बानाबाई. त्या आल्या होत्या तिला वाटेला लावायला.

आमच्यात ही जुनी रीत आहे. पूर्वी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निम्मं घर चार-चार महिने मुलूख फिरायला जायचं. निघणाऱ्या बाईला मागं राहणाऱ्या सवाशिणी समोर बसवून पाच-पाच घास भरवायच्या. घास नाकारला तर वाट रुसते, गेलेलं माणूस माघारी येत नाही, असं म्हणतात. आता मेंढरं राहिली नाहीत, पण पोरगी सासरी निघाली, कुणी काशीला निघालं, की घास भरवतात. मला ही रीत ठाऊक होती. मी ती धरली नव्हती.

खोलीत म्हाळसा पाटावर बसली होती. कपाळाला कुंकू, ओटीत नारळ आणि खण. तोंड लाल झालेलं, डोळे चमकत होते. किती दिवसांत तिला अशी पाहिली नव्हती. तिच्यासमोर एक परात. परातीत केळीची सालं, खजुराच्या बिया, रताळ्याच्या किसाचं पातेलं, त्याला तळाला चिकटलेले शेंगदाणे. शेंगदाणा-गुळाचे दोन लाडू उरले होते. माझ्या हातात घडीची खुर्ची होती, ती तशीच राहिली.

"या भाऊजी," दगडावहिनी म्हणाल्या. "तुमची बायकू म्हणं, आक्का, आज उपवास हाय. म्या म्हणलं, तुला कवा उपवास नस्तो गं? मला ठाऊक नाय व्हय? म्हणून तर सगळं उपवासाचंच करून आणलं. येका बी जिनसानं उपवास मोडायचा नाय."

चतुराबाई म्हणाली, "घरचं तूप घातलंय किसात. लई आवडला तिला."

तिघी जणी. पाच-पाच घास. आणि आमच्याकडच्या बायकांचा घास म्हणजे काही चिमूट नसते. मी उभ्या उभ्या हिशेब केला, मेसवाल्याचं डोकं दुसरं काय करणार. अख्खी तीन केळी. आठ-दहा खजूर. वाटी-दीड वाटी रताळं. लाडू निदान एक. तीन वर्षं मी जे जे दोन पाण्यांतून मोरीत ओतलं होतं, ते सगळं या तीन भल्या बायकांनी तिच्या तोंडात घातलं होतं. आणि मशीन उद्या सकाळी सातला. सोमवारपासूनचा तिसरा दिवस, अंगात आधीच साठलेलं.

"आन् हे शेवटचं राहिलंय," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतून शहाळं काढलं. "समिंदराला चालली म्हणून मुद्दाम येसटी स्टँडावरनं घेतलं. ह्यो घास तुमच्या म्होरं, भाऊजी. नवऱ्याच्या म्होरं दिला की वाट सोपी हुती."

शहाळं छाटून आणलेलंच होतं. त्यांनी भोक पाडलं, पेल्यात पाणी ओतलं आणि पेला तिच्या ओठाला लावला.

म्हाळसानं माझ्याकडं पाहिलं. ते पाहणं मी विसरणार नाही. तिला सगळं कळत होतं. यादी तिला माझ्याइतकीच पाठ होती. पण त्या नजरेत भीती नव्हती. तिथं फक्त एवढंच होतं, बोलू नका. लासूरच्या व्याह्यांपर्यंत संध्याकाळच्या आत जाईल. पोरीचा संसार मांडलाय. बोलू नका.

मला एक वाक्य बोलायचं होतं. "वहिनी, थांबा, तिच्या किडन्या गेल्यात." चार-पाच शब्द. दिवेआगरच्या परक्या बाईला मी ते सांगू शकलो होतो. आणि जिनं म्हाळसाला पंधराव्या वर्षी घरात घेतलं, भाकरी थापायला शिकवलं, सारिकाच्या वेळी न्हाऊमाखू घातलं, तिला सांगताना माझ्या जिभेला कुलूप पडलं. मी काय बोललो ठाऊक आहे?

मी म्हणालो, "सावकाश पी."

ती प्यायली. सगळं. पाऊण लिटरवर दिवस काढणारी बाई. तिनं डोळे मिटून तो पेला संपवला आणि ओठांवरून जीभ फिरवली. वहिनींनी तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

सहाच्या एसटीपर्यंत त्या बसल्या. चहा झाला, गप्पा झाल्या, समुद्रात साप असतात का यावर बानाबाईनं वाद घातला. मी घड्याळ बघत होतो. त्यांच्यादेखत दवाखान्यात नेणं म्हणजे सांगणं आलं. त्या गेल्यावर मी म्हणालो, "चल, आत्ताच जाऊ. तातडीची मशीन लावतात." माझा आवाज चढला होता.

"उंद्या सकाळी जायाचंच हाय," ती म्हणाली. "धुऊन निघंल समदं. मला काय बी हुईना. आज मला लई बरं वाटतंय वो, नगा वरडू." आणि ती नव्या खुर्चीत बसून बघायला लागली. दोन्ही हात टेकूवर ठेवले, पाय लांब केले आणि समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाली, "असंच बसायचं नव्हं?"

"असंच."

मी तिचं ऐकलं. रात्र काय एकच आहे, असा मी विचार केला. गुरुवारी मशीन लागण्याआधी पेशंट चोरून एखादं केळं खातात, हे मी तिथं पाहिलं होतं. मला तिचा तो दिवस मोडायचा नव्हता, हेही खरं आहे. आणि आत्ता दवाखान्यात नेलं, दाखल करून घेतलं, तर उद्याचं जाणं बुडेल, हेही माझ्या मनात आलं होतं. यातलं कुठलं कारण मोठं होतं, ते मी अजून स्वतःला विचारतो. उत्तर जे येतं ते मला आवडत नाही.

सकाळी साडेपाचला तिनं हाक मारली. "अवो, पाय उचलंना झालेत."

तिला उठवायला गेलो तर तिचे पाय कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे लोंबत होते. जीभ जड झाली होती. मी तिला पाठुंगळी घेऊन जिना उतरलो, रिक्षा पळवली. दवाखान्यात त्यांनी झटपट सगळं केलं. छातीला वायरी लावल्या, हातात इंजेक्शन दिलं, मशीन तयार करायला घेतलं. डॉक्टरांनी कागदावरची रेघ पाहिली आणि मला विचारलं, "काल काय खाल्लं?"

मी सांगितलं. पदार्थ, माप, वेळ, सगळं बरोबर सांगितलं. सांगताना माझा आवाज मेसच्या तपासणीला साहेबासमोर सांगायचो तसा निघत होता. सिस्टर माझ्याकडं बघतच राहिली. "काका, तुम्ही घरी नव्हता का?" तिनं विचारलं.

"होतो," मी म्हणालो.

मशीनच्या नळ्या जोडायच्या आत सात वाजायला दहा मिनिटं असताना तिचं हृदय थांबलं. त्यांनी अर्धा तास छाती दाबली. दोनला दारात गाडी आली तेव्हा मला आठवण झाली की ड्रायव्हरला नको म्हणून सांगायचं राहिलं होतं.

गावाला सांगितलं, हार्ट ॲटॅक आला. खोटंही नव्हतं. गावातच माती दिली. आमच्यात पुरतात. सारिका पुण्याहून आली. आईचा आजार तिला पहिल्यापासून ठाऊक होता, घासांचं मी दवाखान्यातूनच सांगितलं होतं. ती माझ्याशी पहिले चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "बाबा, मी कधी म्हटलं होतं लपवा म्हणून?" नव्हतं म्हटलं. आम्ही तिला विचारलंच नव्हतं.

दहाव्याला लासूर स्टेशनची सगळी मंडळी आली होती. ओसरीवर बायका बसल्या होत्या. सारिका, तिच्या शेजारी तिची सासू, आणि दगडावहिनी. वहिनींचे डोळे रडून बारीक झाले होते. दहा दिवस त्या एक वेळ जेवत होत्या. मी खांबाला टेकून बसलो होतो, त्या सरकून माझ्याजवळ आल्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "समिंदर काय तिच्या नशिबात नव्हता. पर येका गोष्टीचं मला लई समाधान हाय बघा. समदा जलम उपास करकरून काढला तिनं. शेवटाला मात्र उपाशी नाय गेली. माझ्या हातचं पोटभर खाऊन गेली. व्हय का नाय?"

सारिकानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. तिची सासू पदरानं डोळे पुसत होती. वहिनी माझ्या तोंडाकडं बघत होत्या, होकाराची वाट बघत.

खरं सांगावं तर ही म्हातारी आजच्या आज विहीर जवळ करील. न सांगावं तर ती आयुष्यभर हे समाधान सांगत फिरेल, दर वर्षी पित्राला तेच पाच जिन्नस करील आणि मला समोर बसवून वाढील.

"व्हय वहिनी," मी म्हणालो. "तृप्त होऊन गेली."

"काय आवडलं म्हणाली तिला? सगळ्यात जास्त?"



"शहाळं," मी म्हणालो.

वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि रडता रडता हसल्या.